राखून न ठेवलेलं पाणी

ऋतिकाला पोहायला शिकवायचं ते आपल्या माहेरच्या बावखलातच, हे जागृतीने पोर पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं.

बावखल म्हणजे काही मोठं तळं नव्हे. वसईच्या वाड्यांमधून घरामागे खणलेला गोड्या पाण्याचा खोलगट खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि वर्षभर केळींना, भाजीला, मोगऱ्याला पुरायचं. जागृतीच्या माहेरचं बावखल तिच्या आजोबांच्या आजोबांनी खणलं, असं घरात सांगत. निघालेल्या मातीचा ओटा करून त्यावर घर बांधलं. म्हणजे घर जेवढं उंच, तेवढं बावखल खोल. एका अंगाला दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला पाण्यावर ओणवलेलं भेंडीचं झाड, भाजीतल्या भेंडीचं नव्हे, जाड बुंध्याचं. भर वैशाखातही वरचं चार बोटं पाणी कोमट आणि त्याखाली पायाला झिणझिण्या येतील इतकं गार. जागृतीला ते गारपण डोक्याने नाही, तळपायांनी आठवायचं.

आणि तिचं सासर विरारला, फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने आज फोडणीत लसूण घातली की हिंग, ते कळायचं. पोरांना खेळायला जागा म्हणजे खाली दोन स्कूटरींमधली फट. चेंडू गाडीला लागला की वरून कोणीतरी ओरडलंच, "ए, कोणाचं कार्टं आहे रे ते?" बाग होती, पण रिक्षाने जायच्या अंतरावर, आणि तिथे झोपाळा एक, रांग पंधरा जणांची. जवळच्या लहान धरणाच्या बाजूला संध्याकाळी माणसं हवा खायला जात. तिथल्या पाण्याकडे नुसतं बघायचं. ऋतिका बघून यायची आणि घरी येऊन लादीवर पालथी पडून हातपाय मारायची.

"आई, मी कुठपर्यंत पोचले?"

"आजीच्या घरापर्यंत पोचलीस. आता पाय पूस, ओल्या पायांनी गादीवर चढू नकोस."

दोन वर्षांपूर्वी जागृतीच्या नवऱ्याने, संकेतने, एका नव्या टॉवरची रंगीत पत्रिका आणली होती. जेवणाच्या टेबलावर त्याने ती उलगडली, लग्नाची पत्रिका उलगडावी तशी.

"हे बघ. जॉगिंग ट्रॅक, क्लब हाऊस, बाग. आणि हा मुलांसाठी वेगळा स्विमिंग पूल."

"पाणी कुठून येणार त्यात? आपल्याकडे दिवसाआड येतं."

"टँकर लावतील."

"म्हणजे आंघोळीला बादली आणि बुडायला टँकर!"

आतून तिच्या सासूबाईंचा, मनोरमाबाईंचा आवाज आला, "तिन्हीसांजेचं बुडायचं नाव काढू नका गं." मनोरमाबाई देशावरच्या. त्यांनी आयुष्यभर पाणी पाहिलं ते हंड्यात आणि आडात, त्यामुळे पाण्यावर त्यांचा विश्वास बेताचाच होता.

"अरे, माझ्या बाबांचं बावखल असताना मी पोरीला औषध घातलेल्या पाण्यात कशाला लोटू?" जागृती म्हणाली. "पाऊण तासावर माहेर आहे."

"तुझं ते बावखल उचलून आपल्या बिल्डिंगखाली आणून ठेव, मग मी काही बोलत नाही."

ती हसली. त्याने पत्रिका घडी करून ठेवली. तो फ्लॅट पुढे त्याच्याच ऑफिसमधल्या एकाने घेतला, आणि संकेतने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. संकेतचं हे असंच होतं. तो हरला की गप्प बसायचा.

जागृतीचे वडील हरेश्वर गेले त्याच्या आदल्या वर्षी. माहेरच्या घरात पोराला सहावं लागलं की अक्षय तृतीयेला पाण्यात घालायची रीत; तोवर त्याला मागच्या अंगाला फिरकू देत नसत. सकाळी पाण्याला हळदकुंकू वाहायचं, एक नारळ सोडायचा आणि पोराच्या कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधून त्याला पायऱ्यांवरून खाली न्यायचं. हरेश्वरांनी जागृतीला असंच नेलं होतं, आणि दोन वर्षांनी धाकट्या भावाला, कल्पेशला. पालथ्या पोटाखाली बापाचा खरखरीत पंजा. "पयल्या दिवशी नारळ तुला धरतील. आठव्या दिवशी तू नारळाला धरशील. मग दोघांनी एकमेकांना सोडायचं, बाय." नवव्या दिवशी जागृती भेंडीपर्यंत जाऊन परत आली होती. कल्पेशला तीन आठवडे लागले होते. ते ती त्याला अजून ऐकवायची.

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि कल्पेशने कागदाचं काढलं. आडपडद्याने काढलं नाही, सरळच बोलला, "ताई, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागलीत. आईचं, तुझं, माझं. मला पुढे काय करायचं म्हटलं तर तिघांच्या सह्या. तू हक्कसोड करून दिलंस तर बरं होईल."

बहिणीने भावाला लिहून द्यायचं, ही काही नवीन गोष्ट नव्हती. तिच्या आत्याने दिलं होतं, मावशीने दिलं होतं. लिहून दिलं की माहेरचा उंबरठा आपला राहतो, नाही दिलं की त्याच उंबरठ्यावर पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं, हे प्रत्येक लेक कोणी न सांगता शिकलेली असते. संकेत म्हणाला, "तुझं तू बघ. मी मध्ये पडणार नाही." जागृतीने कल्पेशला फक्त एवढंच म्हटलं, "जमिनीचं तू काय ते कर. बावखल तेवढं ठेव. माझ्या ऋतूला तिथे शिकवायचंय."

"हे काय बोलायचं झालं? बावखल तुझंच हाय."

मग एका सोमवारी तिघंजण वसईला कोर्टाच्या बाजूला गेले. तिथे आलोशियस म्हणून दस्त लिहिणारे वयस्क गृहस्थ बसायचे. हरेश्वरांच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचून दाखवला आणि मग जागृतीकडे बघून म्हणाले, "बाय, काय राखून ठेवायचं हाय का? झाड, विहीर, जायची वाट? लोक ठेवतात. एक ओळ वाढवायची फक्त. दोन मिनिटांचं काम."

जागृतीने कल्पेशकडे पाहिलं. त्याच्या हातात तिच्यासाठी घेतलेल्या साडीची पिशवी होती, जांभळ्या काठाची साडी, त्याने एकट्याने दुकानात जाऊन निवडलेली. शेजारी आई पदराने गळा पुसत बसली होती. आणि जागृतीला एकदम लाज वाटली. भाऊ साडी घेऊन उभा आणि आपण अटी घालायच्या? त्याचा शब्द पुरत नाही म्हणून सरकारी शिक्क्याखाली लिहून घ्यायचं?

"नाही काका," ती म्हणाली. "भावाबहिणीत कसल्या अटी?"

"बरोबर हाय," आई म्हणाली. कल्पेश हसला. आलोशियसनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागद पुढे केला. बाहेर पडल्यावर तिघांनी उसाचा रस प्यायला. जागृतीला त्या दिवशी खूप हलकं वाटलं होतं. आपण किती चांगली बहीण आहोत, असं वाटून माणसाला जसं हलकं वाटतं तसं.

ऋतिकाला सहावं लागलं. मार्च संपता संपता आईचा फोन आला.

"बाय, पोरीला कधी आनतेस?"

"अक्षय तृतीयेला म्हटलंय ना आई."

"त्याच्या आधी आन. परीक्षा झाली की आन."

"एवढी काय घाई?"

पलीकडे ताटाचा आवाज आला. कल्पेशचा आवाज आला, आमटी वाढ म्हणत होता. आईने आवाज खाली आणला.

"पानी उतरतंय यंदा," ती म्हणाली. "म्हनून म्हनते. उशीर नको करू."

जागृतीने "बरं बरं" म्हटलं आणि भात उतू जात होता म्हणून फोन ठेवला. पुढच्याच आठवड्यात मनोरमाबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायची तारीख मिळाली. मग दर दोन तासांनी डोळ्यात थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. अक्षय तृतीया आली आणि गेली. त्या दिवशी सकाळी आईचा पुन्हा फोन आला होता. "येत नाय का मग?" एवढंच विचारलं. "आई, यांच्या डोळ्यांचं झालं की लगेच येते. पंधरा दिवस." आई म्हणाली, "सासूची सेवा कर. ती पन आईच हाय." आणि ठेवून दिला. आईच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जागृतीच्या काही लक्षात आलं नाही.

पंधराचे बावीस दिवस झाले. मग एका शुक्रवारी ऋतिकाला नवा फ्रॉक घालून, नवा पंचा आणि पावडरीचा डबा घेऊन ती तिच्यासह निघाली. माणिकपूरला रिक्षा बदलली. खाडीच्या अंगाला वळल्यावर रस्ता फुटलेला दिसला. मोठ्या चाकांचे खोल वळ उमटलेले, त्यांत लाल भुकटी. रिक्षावाला म्हणाला, "डंपर जातात ना इकडून. महिना झाला."

"कुठे जातात?"

"असंल कोणाची तरी भरनी."

आई पुढच्या ओट्यावरच उभी होती. नातीला तिने कडेवर घेतलं, आता ती कडेवर घेण्याएवढी राहिली नव्हती तरी. "आधी पानी प्या. आधी जेवा. बोंबील टाकलेत."

"आई, मागचं दार का लावलंय?"

"धूळ येते."

त्या घराचं मागचं दार दिवसा लावलेलं जागृतीने कधी पाहिलं नव्हतं. तिने कडी काढली.

अर्ध्याहून जास्त बावखल भरलं होतं. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वाकड्या सळ्या, कोणाकोणाच्या फोडलेल्या न्हाणीघरातल्या गुलाबी आणि निळ्या लाद्या, आणि त्या सगळ्यावर एक अख्खा कमोड, बसायला बोलावल्यासारखा. भेंडीच्या जागी बुंधा राहिला होता. पायऱ्यांखाली, कोपऱ्यात, एका खोलीएवढं पाणी उरलं होतं. ते हिरवंही नव्हतं, काळंही नव्हतं. चुना कालवलेल्या पाण्यासारखं पांढुरकं झालं होतं.

जागृतीला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा. "आई, तुला माहीत होतं?"

"मी फोन केला नव्हता का?"

"फोनवर तू पोरीला आण म्हणालीस. हे कुठे सांगितलंस?"

"तो समोर जेवत होता. त्याच्या तोंडावर कसं सांगू? त्याच्याच घरात ऱ्हायचंय मला." आईने पदराचं टोक दातात धरलं आणि सोडलं. "पानी उतरतंय म्हनले ना मी तुला. आपल्या बावखलाचं पानी कधी उतरलंय का गं? तुझ्या जल्मात उतरलंय? तुला कळायला नको?"

खरंच, कधी उतरलं नव्हतं. आजूबाजूच्या विहिरी आटल्या तेव्हासुद्धा नाही. त्या घरात वाढलेल्या मुलीने ते वाक्य ऐकताच उठून चालू लागायला हवं होतं. पण ते वाक्य फुलपाड्यातल्या बाईने ऐकलं, जिच्याकडे पाणी रोजच उतरतं.

कल्पेश दुपारी आला. मोटारसायकल लांबच उभी केली त्याने. हातात भाचीसाठी कुल्फी.

"ताई, ओरडायचं तर ओरड. पण आधी ऐक."

"बोल."

"तीन पोरी बघून झाल्या माझ्यासाठी. तिसरीचा बाप काय म्हणाला, माहितीय? म्हणाला, मुलगा चांगला हाय, पण माझ्या मुलीने आयुष्यभर केळीच खायची का?" तो हसला, पण बहीण हसली नाही म्हणून थांबला. "वाडीत काय राहिलंय? मजूर मिळत नाय. मोगरा बाहेरून येतो स्वस्तात. आणि ह्याच्यात तरी काय राहिलंवतं? वरच्या चाळींचं गटार दोन वर्षं झिरपतंय. मासे वर आलेवते गेल्या साली. तुला सांगितलं नाय आम्ही."

"म्हणून बुजवायचं?"

"पुढे केळीच्या वाडीत स्विमिंग पूल बांधतोय. पार्टनर हाय एक. रविवारी विरार, नालासोपाऱ्यातनं लोकं पोरं घेऊन निघतात, पानी शोधत फिरतात. तुला तर माहितीय. तुमच्याकडे काय हाय पोरांना? त्यांना एक दिवस बरं वाटायला जागा पायजे. आणि ती जागा आपल्याकडे हाय."

"मग ह्याच्यावर काय बांधणार?"

"बांधत नाय काय." त्याने मान खाली घातली. "गाड्या. गाड्या लावायला जागा लागते ना."

जागृती बुंध्यावर बसली. ऋतिका कुल्फी खात ढिगाऱ्याच्या कडेने लाद्यांचे तुकडे वेचत होती, निळे एका हातात, गुलाबी ते फ्रॉकच्या ओच्यात.

"तू मला शब्द दिला होतास, कल्पू."

"दिलावता."

"मग?"

"मग काय. पार्टनर म्हणाला, पार्किंग नाय तर गिऱ्हाईक नाय. मी म्हटलं, बहिणीचं मन हाय त्याच्यात. तो म्हणाला, मन राहू दे, कागद दाखव. कागद काढला. तीनदा वाचला मी, ताई. एक ओळ नाय त्याच्यात तुझी." त्याचा आवाज चढला, पण राग कोणावर ते त्यालाही धड माहीत नव्हतं. "ती ओळ असती ना, तर मी त्याच्या तोंडावर मारली असती. म्हटलं असतं, माझे हात बांधलेत, दुसरी जागा बघ. तुला काकांनी विचारलं होतं. मी समोर उभा होतो. तू लिहून घ्यायचं होतंस. मी दिलं असतं."

"तुला राग आला असता."

"कशाला येईल राग? मला वाटलं, तुला नकोच हाय. तू विरारची झालीस."

वाऱ्याने ढिगाऱ्यावरची भुकटी उडत होती. जागृतीला वाटलं, या पोराला तेव्हा एका ओळीची गरज होती, आपल्यापेक्षा त्याला जास्त. बांधून ठेवलं असतं तर तो उभा राहिला असता. आपण मोठेपणा मिरवत त्याला मोकळं सोडलं, आणि मोकळा माणूस ज्याने ओढलं त्याच्या मागे गेला. भांडायला आलेल्या माणसाच्या हाती भांडणच राहिलं नाही, अशी तिची गत झाली.

ऋतिका पळत आली. "आई, हे बघ किती! आता बावखल दाखव ना. कुठंय?"

कल्पेशने तोंड फिरवलं आणि मोटारसायकलकडे चालू लागला.

आई घरातून नारळांची जोडी घेऊन आली. साल थोडं सोलून, त्याच्याच सोडणांची गाठ मारून, तिने ती अक्षय तृतीयेपासून स्वयंपाकघरात खुंटीला टांगून ठेवली होती. "बांध तिला," ती म्हणाली. "उद्या परत गाडी येनार हाय."

जागृतीने ऋतिकाचा फ्रॉक काढला, कमरेला नारळ बांधले आणि तिला पायऱ्यांवरून खाली नेलं. स्वतः सलवार गुडघ्यांवर खोचून पाण्यात शिरली. पाणी पोरीच्या छातीपर्यंतही नव्हतं. हळदकुंकू वाहायचं आईच्या लक्षात होतं, पण तिने ते वाहिलं नाही, पुडी तशीच मुठीत धरून ती वरच्या पायरीवर बसून राहिली.

"आई, खाली टोचतंय."

"पाय वर घे. मी धरलंय. हात असे मार, असे."

पोटाखाली तिने पंजा धरला. नारळ तरंगले. पोर हलकीशी वर आली, तिच्या तोंडावर एक आश्चर्य उमटलं. हात मारले, पाय मारले. एक, दोन, तीन, चार. आणि पाचव्याला तिचा हात ढिगाऱ्याच्या विटेला लागला.

ऋतिका उभी राहिली. डोळे चोळून तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"संपलं?"

वर पायरीवर आजीने डोळ्याला पदर लावला. जागृतीने पोरीला उचलून नळाखाली नेलं आणि तीनदा साबण लावला, तरी सिमेंटने तिच्या मांड्यांना लालसर चट्टे आले. रात्री खोबरेल लावताना ऋतिका म्हणाली, "तू म्हणायचीस ते खूप मोठं आहे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मोठी माणसं गोष्ट सांगताना थोडं वाढवून सांगतात, हे ती नुकतंच शिकत होती, एवढंच.

घरी परतल्यावर संकेतला सगळं कळलं. त्या रंगीत पत्रिकेचं नाव त्याने काढलं नाही. "बघू, कुठेतरी क्लास लावू तिला," एवढंच म्हणाला. त्याने एखादा टोमणा मारला असता तर जागृतीला जेवण गेलं असतं. तो न मारल्यामुळे चार दिवस गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कल्पेशचा फोन आला. पूल चालू झाला होता. "ताई, ऋतूला आन. तिला चार दिवस ठेव. मास्तर ठेवलाय चांगला. तिला सगळं फुकट." मग हळू आवाजात, "आनशील ना?"

नाही म्हणायचं तिने पक्कं केलं होतं. पण ऋतिका शेजारी उभी राहून फोनला कान लावत होती, आणि पोरीचं पाण्यावाचून राहणं आपल्या रुसव्यापायी वाढवायचं, हे जागृतीच्याने झालं नाही. सगळेच गेले. मनोरमाबाईसुद्धा नव्या डोळ्यांनी बघायला म्हणून मागून रिक्षाने आल्या. फाटकातून आत शिरल्यावर शिट्टी वाजवणाऱ्या वॉचमनने संकेतला स्कूटर कुठे लावायची ते दाखवलं. पिवळे पट्टे मारलेली सपाट जागा, त्यावर वीसेक गाड्या.

"इथेच ना गं?" संकेतने हळूच विचारलं.

"थोडी पुढे घे," ती म्हणाली. का म्हणाली, ते त्याने विचारलं नाही.

पूल खरंच छान होता. हे कबूल करताना जागृतीला जड गेलं, पण होता. निळाशार, तळ दिसणारा. कडेला छत्र्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दहिसरची, सोपाऱ्याची, भाईंदरची कुटुंबं डबे उघडून बसली होती. एक बाई आपल्या दोन वर्षांच्या बाळाला पहिल्यांदा पाण्यात बसवत होती आणि रडत-हसत नवऱ्याला फोटो काढायला सांगत होती. कल्पेश गल्ल्यापाशी होता. त्याने तिथूनच हात हलवला. आई मात्र पुलापाशी आली नाही. ती आता पुढच्या ओट्यावरच बसते, भाजी निवडते, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते, आणि घराच्या मागे काय आहे ते तिला कोणी विचारत नाही.

व्हिव्हियन म्हणून पन्नाशीचे मास्तर होते. गळ्यात शिट्टी, बोलायला गोड. चौथ्या दिवशी ऋतिका पुलाची रुंदी पार करून गेली. नारळ नाहीत, पंजा नाही, पाठीवर एक लाल फळी बांधलेली, मग तीही काढलेली. पलीकडच्या कडेला पोचून तिने ओरडून विचारलं, "बघितलंस?"

जागृती उठून कडेपर्यंत गेली. पोर हात पुढे करून बोलवत होती. जागृतीला धीर धरवेना. तिने ओढणी काढून खुर्चीवर टाकली, चपला काढल्या आणि शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला.

"मॅडम, एक मिनिट." व्हिव्हियन मास्तर अदबीने पुढे आले. "ड्रेसवर नाही येता येणार पाण्यात. कॉस्च्युम लागतो. सगळ्यांना सारखाच नियम आहे, माफ करा. पाणी खराब होतं."

ती मालकाची बहीण, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगता आलं असतं. गल्ल्यावरून कल्पेशने बघितलं असतं तर तो धावत आला असता, म्हणाला असता, अहो, ती माझी बहीण आहे, येऊ द्या तिला. जागृतीने पाय वर घेतला.

"सर, तिला नाही येत पोहायला," पलीकडून ऋतिका मोठ्याने म्हणाली, आईची बाजू घ्यावी तशी. "ती नुसती बघायला बसते." आणि मग आईकडे वळून, खूप समजुतीने, "आई, घाबरू नकोस हां. इथे पाय टेकतात."

'येतं गं मला,' असं म्हणायला जागृतीने तोंड उघडलं. पण मग पोरीने विचारलं असतं, कुठे शिकलीस? आणि बोट दाखवायचं तर तिकडे गाड्या उभ्या होत्या. कोणीतरी एक पांढरी गाडी मागे घेत होतं, वॉचमन शिट्टी वाजवत होता, अजून जागा आहे, या, या, म्हणत होता.

"नाही घाबरत," ती म्हणाली. "तू जा पुढे. मी इथून बघते."

ऋतिकाने पाण्यात डोकं घातलं. जागृती खुर्चीवर जाऊन बसली, आणि पोर वर येईपर्यंत तिने श्वास रोखून धरला.